सायफन (वक्रनलिका): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायफन म्हणजे नक्की काय?

पाण्याने पूर्ण भरलेली वाकडी नळी. तिचं एक तोंड वरच्या भांड्यातल्या पाण्यात बुडालेलं असतं आणि दुसरं त्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली सोडलेलं असतं. मधला भाग पाण्याच्या पातळीच्या वरून गेलेला असला तरी पाणी तो चढ ओलांडून पलीकडे उतरत राहतं; मोटार लागत नाही, वीज लागत नाही. शाळेच्या पुस्तकात याला वक्रनलिका म्हणतात, बोलताना सगळे सायफनच म्हणतात. खाली तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील: चढती बाजू, माथा (नळीचा सर्वांत उंच भाग) आणि उतरती बाजू.

मोटार नसताना पाणी वर चढतंच कसं?

हे आकड्यांवरून चटकन समजतं. समजा टाकीतल्या पाण्यापासून माथा १ मीटर उंच आहे आणि नळीचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा दीड मीटर खाली आहे. नळी पाण्याने भरून बाहेरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा. या क्षणी नळीत काहीच वाहत नाही, त्यामुळे दाबाचा हिशोब सोपा आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. टाकीतल्या पृष्ठभागावर तेवढा दाब आहे. माथ्यावर तो १ मीटरने कमी, म्हणजे ९.३ मीटर. अंगठ्याजवळ मात्र तो दीड मीटरने जास्त, म्हणजे ११.८ मीटर. अंगठ्याच्या आतल्या बाजूला ११.८, बाहेरच्या बाजूला १०.३. हा दीड मीटरचा फरक बोटाला जाणवतो. नळी बोट ढकलत असते. अंगठा काढला की त्याच फरकाने पाणी बाहेर पडतं. त्यामुळे माथ्यावरचा दाब आणखी उतरतो आणि टाकीतलं पाणी चढत्या बाजूने आत ढकललं जातं.

वर चढायला लागलेली ऊर्जा पलीकडे उतरताना परत मिळते. शिल्लक राहतो तो फक्त टाकीतली पातळी आणि बाहेरचं तोंड यांच्यातला फरक. सायफन त्याच्यावर चालतो.

मग सायफन हवेच्या दाबाने चालतो की गुरुत्वाकर्षणाने?

प्रवाह चालू ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. हवेचा दाब टाकीच्या पृष्ठभागावर आणि बाहेरच्या तोंडावर जवळपास सारखाच असतो, म्हणून तो पाण्याला कुठल्याही एका दिशेला नेऊ शकत नाही. त्याचं काम वेगळं आहे: माथ्याजवळचा पाण्याचा स्तंभ तुटू न देणं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून सायफनचं श्रेय हवेच्या दाबाला दिलेलं होतं. ही चूक २०१० साली ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूझ यांनी दाखवून दिली.

दुसऱ्या टोकाचं एक स्पष्टीकरणही खूप फिरतं: पाणी साखळीसारखं आहे आणि लांब बाजूचं जड पाणी आखूड बाजूचं हलकं पाणी ओढून नेतं. ते अपुरं आहे. चढती बाजू चार इंची आणि उतरती बाजू अर्ध्या इंचाची घ्या. चढत्या बाजूतलं पाणी कितीतरी जास्त वजनाचं भरेल, तरी सायफन व्यवस्थित चालतो. वजनाला इथे महत्त्व नाही, उंचीला आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात हे खरं आहे आणि हवा काढून टाकलेल्या पाण्याचा सायफन प्रयोगशाळेत १५ मीटर उंचीवरही चालवून दाखवलेला आहे. पण विहिरीच्या, नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते. तिथे हवेच्या दाबाची मर्यादा पाळावीच लागते.

बाहेरचं तोंड कशाच्या खाली हवं? आतल्या तोंडाच्या?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. बाहेरचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली हवं. आतलं तोंड पाण्यात किती खोल आहे याने वेग बदलत नाही. नळी खोलवर सोडली तर टाकी जास्त रिकामी होईल, एवढाच फरक. पाणी उतरत जाऊन बाहेरच्या तोंडाच्या पातळीला आलं की प्रवाह थांबतो, मग आतलं तोंड तळाशी बुडालेलं असो वा नसो.

माथा जास्तीत जास्त किती उंच चालतो?

कागदावर समुद्रसपाटीला १०.३ मीटर. १६३० साली इटलीतल्या जेनोव्हाचे शास्त्रज्ञ बालियानी यांनी गॅलिलिओला कळवलं होतं की सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून टाकलेला सायफन काही केल्या चालत नाही. हवेला वजन असतं आणि ती एवढाच स्तंभ पेलते, हे तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या प्रयोगातून १६४० च्या दशकात स्पष्ट झालं.

प्रत्यक्षात १०.३ मधून बरंच वजा होतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे मर्यादा ९.७ मीटरच्या आसपास येते. महाबळेश्वरला ती पावणेनऊच्या जवळ. ३० अंशांच्या पाण्याची वाफ आणखी सुमारे ०.४ मीटर खाते. त्याशिवाय चढत्या बाजूतलं घर्षण आणि वाहत्या पाण्याचा वेग यांनीही माथ्यावरचा दाब खाली येतो. त्यामुळे आमचा सल्ला असा: ५ मीटरपर्यंत निर्धास्त करा, ५ ते ७ मीटरमध्ये हिशोब करून आणि चांगले जोड वापरून करा, ७ च्या पुढे नादी लागू नका.

पाणी गरम असेल तर मर्यादा झपाट्याने घसरते. ८० अंशांवर ती साडेपाच मीटरच उरते. पाऱ्यासाठी ती ७६ सेंटिमीटर आहे.

किती पाणी येईल हे आधी कसं काढायचं?

घर्षण नसतं तर वेग फक्त पातळीच्या फरकावर ठरला असता: फरक (मीटर) × १९.६, त्याचं वर्गमूळ, उत्तर मीटर प्रति सेकंद. दीड मीटरला हे ५.४ येतं. पण खऱ्या नळीत इतका वेग कधीच मिळत नाही. लांबी, आतला व्यास आणि वळणं मिळून बरीचशी उंची गिळतात.

१० मीटर लांब नळी आणि दीड मीटर फरक धरून काढलेले अंदाज:

- आतून अर्धा इंच (१२.५ मिमी): मिनिटाला साधारण ८ लिटर
- आतून १ इंच (२५ मिमी): मिनिटाला साधारण ४५ लिटर
- आतून २ इंच (५० मिमी): मिनिटाला साधारण २५० लिटर

व्यास दुप्पट केला की पाणी साडेपाच पटींच्याही पुढे जातं. पाणी कमी पडत असेल तर बाहेरचं तोंड आणखी अर्धा मीटर खाली नेण्याची धडपड करण्यापेक्षा जाड नळी घ्या. विकत घेताना आतला व्यास मोजा. बाहेरून एक इंच दिसणारी नळी आतून पाऊण इंच असू शकते.

आणखी एक गोष्ट. टाकी रिकामी होत जाते तसा फरकही घटतो. १,००० लिटरच्या, मीटरभर उंच टाकीत पाणी तोंडापेक्षा सुरुवातीला दीड मीटर आणि शेवटी अर्धा मीटर उंच असेल, तर १ इंची नळीने ती २२ मिनिटांत नाही, २७-२८ मिनिटांत संपते.

सायफन सुरू करायची सोपी पद्धत कोणती?

नळी छोटी असेल तर ती पूर्ण टाकीत बुडवा, बुडबुडे संपेपर्यंत थांबा, एक तोंड हाताने बंद करून ते बाहेर काढा, पातळीच्या खाली न्या आणि सोडा. आतलं तोंड या काळात एकदाही पाण्याबाहेर येता कामा नये.

लांब नळीसाठी जवळ नळ असेल तर बाहेरचं तोंड नळाला लावा आणि नळ सोडा. टाकीतल्या तोंडातून बुडबुडे यायचे थांबले की नळ बंद करा, नळी तिथेच चिमटून धरा, काढून खाली न्या, सोडा. पिण्याच्या पाण्याच्या नळाला हे करताना टाकीत घाण पाणी किंवा औषध असता कामा नये. कारण पुढे ‘घरात नकळत होणारे सायफन’ या प्रश्नात आहे.

मोठ्या पाइपसाठी माथ्यावर टी (T आकाराचा तीन तोंडांचा जोड) बसवून वरून पाणी ओततात. ती पद्धत पुढच्या उत्तरात.

डोंगरउतारावरच्या विहिरीचं पाणी खालच्या शेतात सायफनने आणता येईल का?

येईल, आणि कोकणात, घाटमाथ्यावर अशा जागा भरपूर आहेत. माथ्याच्या उंचीची मर्यादा पाळली की अट एकच: शेतातलं तोंड विहिरीच्या पाण्याच्या खाली हवं, काठाच्या खाली असून भागत नाही. आणि हे मोजमाप उन्हाळ्यातल्या पातळीवरून करा. पावसाळ्यात विहीर काठोकाठ असते, तेव्हा सगळेच सायफन चालतात. उंचीतला फरक डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक लेव्हल नळीने टप्प्याटप्प्याने मोजत खाली उतरा.

उदाहरण घेऊ. पाणी काठापासून ४ मीटर खाली, शेतातलं तोंड पाण्यापेक्षा ३ मीटर खाली, एकूण पाइप ६० मीटर, आतला व्यास ५० मिमी. यात सेकंदाला सुमारे २.८ लिटर, म्हणजे ताशी १०,००० लिटर मिळतात. चालू असताना माथ्यावरचा दाब बाहेरच्यापेक्षा पावणेपाच मीटरने कमी असतो, म्हणजे मर्यादेच्या बराच आत.

सामान: पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप, विहिरीतल्या तोंडाला जाळीचा फूट व्हॉल्व्ह (पाणी आत घेतो, पण परत विहिरीत जाऊ देत नाही), माथ्यावर उभी टी आणि तिला आट्यांचं झाकण, शेतातल्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह. बागेला वापरतात तसली मऊ नळी चढत्या बाजूला आणि माथ्याजवळ घालू नका. आतला दाब कमी होताच ती चपटी होते.

कृती:

१. पाइप टाकताना माथा एकच ठेवा. मध्येच उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि ती टीपर्यंत पोहोचत नाही. टी बरोबर सर्वांत उंच जागी हवी.
२. सोल्युशन लावलेले जोड पूर्ण सुकू द्या. आट्यांच्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.
३. शेतातला व्हॉल्व्ह बंद करून टीमधून पाणी ओता. ५० मिमी पाइपमध्ये मीटरमागे जवळपास २ लिटर मावतात, म्हणजे इथे १२० लिटरची तयारी ठेवा.
४. पाणी टीच्या तोंडाशी आलं की दहा मिनिटं थांबा. पातळी खाली बसेल, बुडबुडे येतील. पाइपवर हाताने थापट्या मारत वरून भरत राहा. बुडबुडे थांबूनही पातळी उतरत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा एखादा जोड.
५. झाकण घट्ट लावा. मगच शेतातला व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.

व्हॉल्व्ह शेतातल्या टोकालाच का? कारण तिथे चिमटलं की संपूर्ण पाइपमधला वेग कमी होतो आणि माथ्यावरचा दाब वाढतो, सायफन जास्त भक्कम होतो. विहिरीकडच्या बाजूला चिमटलं तर उलट होतं, माथ्यावर दाब आणखी पडतो आणि हवा सुटायला लागते. शेत विहिरीपेक्षा फार खोल असेल, समजा २०-२५ मीटर, तर शेवटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूच नका.

छान सुरू होतो, पण तासा-दोन तासांनी आपोआप बंद पडतो. का?

हवा. बंद पडणाऱ्या सायफनचं कारण जवळजवळ नेहमी माथ्यावर साठलेली हवा हेच असतं. प्रश्न इतकाच की ती कुठून येते.

पहिला संशय जोडांवर घ्या. सायफनमधली गळती दिसत नाही, कारण माथ्याजवळच्या जोडातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. चालू असताना जोडाभोवती साबणाचा दाट फेस लावा. फेस आत ओढला गेला तर दोषी सापडला. किंवा बंद करून टीमध्ये उंच नळी लावून पाणी भरा, तोच जोड आता बाहेर ठिबकेल.

जोड चांगले असतील तर विहिरीतलं तोंड बघा. ते पृष्ठभागाच्या फार जवळ असलं की पाण्यात भोवरा पडतो आणि त्याच्या मधून हवा खेचली जाते. ५० मिमी पाइपचं तोंड किमान फूटभर तरी बुडालेलं ठेवा. ते जमत नसेल तर तोंडाच्या वर फळी तरंगत सोडा, भोवरा मोडतो.

तिसरं कारण पाण्यातच असतं. लिटरभर पाण्यात साधारण १५ ते २० मिलिलिटर हवा विरघळलेली असते. सोड्याची बाटली उघडल्यावर दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात, तसंच माथ्यावर घडतं. माथा जितका उंच, तितकी हवा जास्त. प्रवाह वेगात असेल तर ती पाण्याबरोबर वाहून जाते. वेग सेकंदाला अर्ध्या-पाऊण मीटरच्या खाली गेला की माथ्यावरच थांबते, तिचा फुगा वाढतो आणि एक दिवस वाट बंद होते. म्हणूनच ‘जास्त पाणी मिळेल’ म्हणून गरजेपेक्षा जाड पाइप टाकलेले सायफन सारखे बंद पडतात. शेवटचं टोक पूर्ण भरून वाहत नसेल तर त्यातूनही हवा वर चढते. ते टोक हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवा.

पाटातलं पाणी सरीत घ्यायला सायफन नळ्या वापराव्यात का?

जरूर. बांध फोडून पाणी घेतलं की माती वाहते आणि प्रत्येक सरीला वेगळं पाणी जातं. दीड मीटर लांब, ५० मिमी आतल्या व्यासाची, बांधाच्या आकारात वाकवलेली नळी पाट आणि सरी यांच्यात फक्त १० सेंटिमीटर फरक असला तरी सेकंदाला पावणेदोन लिटर देते. नळी पाटात आडवी बुडवायची, एका तोंडावर तळहात घट्ट बसवायचा, तसाच हात बांधावरून पलीकडे न्यायचा आणि खाली टेकवून काढायचा. दोन-चार वेळा हुकतं, मग हाताला सवय होते. सगळ्या नळ्या एकाच मापाच्या आणि पाटातली पातळी स्थिर, तर सगळ्या सरींना समान पाणी.

तोंडाने ओढून पेट्रोल-डिझेल काढलं तर काय होतं?

करू नका. धोका गिळण्यापेक्षा श्वासातून आत जाण्याचा जास्त आहे. हे पातळ द्रव घशातून फुप्फुसात सहज उतरतात आणि घोटभरानेही गंभीर न्यूमोनिया होतो. कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. लगेच दवाखान्यात न्या. रॉकेल, कीटकनाशक, तणनाशक यांनाही हाच नियम. रबरी फुगा दाबून चालणारा हातपंप स्वस्तात मिळतो, तो वापरा. पेट्रोल काढताना आसपास ठिणगी नको.

घरात नकळत होणारे सायफन कोणते?

सर्वांत वाईट हा: नळाला लावलेली नळी पिंपात बुडवून ठेवलेली असते आणि पाणी जातं. वरच्या मजल्यावरची लाइन रिकामी होताना आत खेच निर्माण होते, पिंपातलं पाणी उलटं लाइनमध्ये शिरतं आणि पुढच्या वेळी कोणाच्या तरी घरी पिण्याच्या नळातून येतं. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या आपल्या शहरांत हे रोज घडू शकतं. नळीचं तोंड पाण्याच्या वर, मोकळ्या हवेत ठेवा. अंतर नळीच्या व्यासाच्या दुप्पट तरी असावं.

वॉशिंग मशीन भरत राहतं पण पाणी ठरत नाही, अशी तक्रार असेल तर सांडपाण्याची नळी बघा. तिचं टोक जमिनीवर टाकलेलं असेल तर टबातलं पाणी सायफनने निघून जातं. नळी आधी मशीनच्या मागे उंच नेऊन, मगच खाली सोडायची. नेमकी उंची मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते.

न्हाणी ट्रॅपमधून (मोरीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागातून) अचानक दुर्गंधी येऊ लागली तर वरच्या मजल्यावरून भरून आलेल्या पाण्याने ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलेलं असू शकतं. तांब्याभर पाणी ओतून वास थांबला आणि काही वेळाने परत आला, तर पाइपला हवेची वाट नाही किंवा ती तुंबली आहे. प्लंबरला तीच तपासायला सांगा.

वसुदेवाच्या पेल्यात पाणी कृष्णाच्या पायाला लागताच का ओसरतं?

पेल्यातल्या मूर्तीत उलट्या U आकाराची नळी लपवलेली असते. एक तोंड पेल्याच्या तळाशी उघडतं, दुसरं बुडाखाली. पाणी पावलापर्यंत आलं की नळीचा माथा बुडतो, नळी आपोआप भरते आणि पेला तळापर्यंत रिकामा होतो. बारीक धारेने भरत राहिलात तर कधीकधी पाणी माथ्यावरून नुसतंच ठिबकत राहतं, कारण नळी पूर्ण भरतच नाही. धार थोडी वाढवा. छत्तीसगडमधल्या, १९२३ साली पूर्ण झालेल्या मुरूमसिल्ली धरणाच्या सांडव्यात हेच तत्त्व आहे: पातळी ठरावीक उंचीला गेली की दरवाजे न उघडता पाणी आपोआप बाहेर पडतं.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पाणचक्कीलाही सायफन म्हणतात. ते हेच का?

तो उलटा सायफन. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखाली उतरत येतं आणि शेवटी मनोऱ्यात पुन्हा वर चढतं. कालवा नाल्याखालून नेतात तो प्रकारही हाच. यात नळी नेहमी उगमाच्या पातळीच्या खाली असते, आत दाब वाढतो, कमी होत नाही. हवेच्या दाबाची मर्यादा तिथे लागू नाही. उलट नळ फुटण्याची काळजी घ्यावी लागते.

विहीर अमुक पातळीखाली उपसली जाऊ नये आणि सायफन रोज नव्याने भरावाही लागू नये, असं करता येतं का?

करता येतं, आणि आम्हाला ही रचना सगळ्यांत आवडते. शेतातलं तोंड मोकळं सोडू नका. ते एका छोट्या हौदात बुडवा आणि हौदाचा काठ विहिरीत जी पातळी राखायची आहे बरोबर त्या उंचीवर बांधा. सायफन हौदात पाणी आणतो आणि ते काठावरून सांडून पाटाला लागतं. विहिरीची पातळी काठाइतकी उतरली की प्रवाह आपोआप थांबतो. दोन्ही तोंडं बुडालेली असल्यामुळे पाइप भरलेलाच राहतो. रात्रीत झरे विहीर भरतात आणि पहाटे काठावरून पाणी पुन्हा सांडू लागतं. दर आठ-दहा दिवसांनी दोन्ही टोकांची वाट अडवून माथ्यावरची टी उघडायची आणि साठलेल्या हवेच्या जागी पाणी भरून झाकण लावायचं. शेताकडे व्हॉल्व्ह आहेच, विहिरीकडे फूट व्हॉल्व्ह. तो घट्ट बसत नसेल तर हवा काढायला गेलात आणि चढती बाजू रिकामी झाली असं होईल, म्हणून त्याची चकती वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी पाणी सर्वांत कमी असताना, काढून पाहा.